जेसल पार्कचा पाचवा गडी

यतीनने आपल्या चारही साथीदारांना पत्र्याच्या पिंपांआड एकत्र केले. जेसल पार्कच्या या नवीन पेंटबॉल संघाचा उत्तनजवळील माळावर तो पहिलाच स्पर्धेतील सामना होता. ज्याच्या अंगावर रंगाची गोळी फुटेल तो बाद, एवढाच नियम सर्वांस पाठ होता.

"कोण कुठे जातोय ते ओरडून सांगत राहायचं," यतीन म्हणाला. "पण मराठीत. समोरच्यांना काही कळता कामा नये."

"आणि मास्क कोणी काढायचा नाही," उदयने बजावले. दारोदार हिंडून, घरोघरच्या आयांची समजूत घालून हा संघ त्यानेच उभा केला होता.

विरुद्ध संघाची कप्तान पिंकी हात मिळवण्यास आली.

"पहला मॅच है क्या, भाई? रंग से डरते तो नहीं ना?"

"होली हम भी खेलते हैं, मॅडम," यतीन हसून उत्तरला.

शिट्टी वाजली.

"मी डावीकडून जातोय!" निहार ओरडला. डावीकडे त्याची वाटच पाहिली जात होती.

"टायरांमागे आहे मी!" साक्षीने कळवले. तिने डोके वर काढताच मास्कवर पिवळा रंग फुटला.

सहा मिनिटांत पाचही जण बाद झाले.

"आपली प्रत्येक चाल त्यांना आधीच ठाऊक होती," यतीन गंभीरपणे म्हणाला.

निहारने उदयकडे पाहिले. "काल टपरीवर हा त्या पिंकीशी बोलत होता. मी पाहिलं."

"अरे, गोळ्या उन्हात फुगतात, तर ठेवायच्या कशात, एवढंच विचारलं!"

"पोरगी दिसली आणि विरघळलास," निहार म्हणाला.

"यत्या, बारा वर्षांची ओळख आहे रे आपली. तू तरी बोल."

यतीनने हात पुढे केला. "जर्सी काढून दे, उदय."

उदयने जर्सी काढली, नीट घडी घातली आणि पिंपावर ठेवली. नुसत्या बनियनवर तो रस्त्याकडे चालू लागला. त्याला कोणीही थांबवले नाही. भाईंदरची बस आली व त्याला घेऊन गेली.

पिंकी पुन्हा हात मिळवण्यास आली.

"अच्छा खेले, भाई. फिर मिलेंगे."

"हां, जरूर," यतीन म्हणाला.

इतक्यात तिचा मोबाईल वाजला. मास्क काखेत धरून तिने तो कानाला लावला.

"हो गं आई, जिंकलो! भात टाक, आलेच मी."