झाकणामागची देवयानी

"हेमांगी, हा एवढासा डाग फलकावर लावायला सरांना काय खाऊ दिलास गं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शलाकानं भर वर्गात विचारून टाकलं. सगळ्या खिदळल्या. तिची जळजळ मात्र खरी होती. तिच्या नव्या, संगणकाचा मेंदू असलेल्या दुर्बिणीनं टिपलेली देवयानी दीर्घिका, सर्पिल बाहूंसकट लखलखीत, सरांनी बाजूला ठेवली होती. आणि हेमांगीच्या मामाच्या जुनाट, बिनडोक दुर्बिणीतला त्याच देवयानीचा पुसट पांढरा डाग फलकावर मिरवत होता.

हेमांगी चिडली नाही. "आज झाकण न काढता फोटो काढून बघ," एवढंच म्हणाली.

अंधार पडताच शलाकानं परसात दुर्बीण लावली, झाकण तसंच ठेवलं आणि बटण दाबलं. जरा घरघर झाली आणि पडद्यावर देवयानी उमटली. तीच, तशीच लखलखीत. खाली नावही होतं, 'छायाचित्र: शलाका'.

तिचा चेहरा पडला. ही दुर्बीणबया आकाशाकडे बघतच नव्हती. आठवणीतून चित्र काढून देत होती. हेमांगीच्या डागातला उजेड मात्र पंचवीस लाख वर्षं प्रवास करून तिच्या अंगणात उतरला होता. आता तर शलाकाचा आणखीच जळफळाट झाला.

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आई पोळ्या लाटत होती, बाबा भाजत होते.

"ऐका दोघंही! या दुर्बिणीचा मेंदू मी आत्ताच्या आत्ता काढून टाकतेय."

"अगं, मग फोटो कसे येतील?" बाबा म्हणाले.

"डाग येईल, डाग! पण हेमांगीच्यापेक्षा मोठा येईल, बघाच तुम्ही!"