नळाखालचा डबा

“नळ कुनी बंद केला?”

सारजाबाई अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या. काखेत रिकामी कळशी. ओळीतल्या चारही घरांची दारं उघडली. मागच्या गल्लीत पाणी येऊन गेलं होतं. तिथल्या बायका धुणंसुद्धा वाळत घालून मोकळ्या झाल्या होत्या. या चार घरांत मिळून असलेला एकच नळ मात्र आवळून बंद होता.

“मी केला,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

पडेगावात येऊन त्यांना पाच दिवस झाले होते. सकाळी दूध आणायला निघाल्या, तर अंगणातला नळ सताड उघडा. खाली पत्र्याचा डबा पालथा पडलेला. ठाण्यात तीस वर्षं उघडा नळ दिसला की त्यांचा हात आपसूक जायचा. त्यांनी नळ घट्ट पिळला, डबा सुलटा करून भिंतीशी नीट ठेवला आणि पुढं गेल्या.

इथं पाणी आठव्या दिवशी येतं. कोणत्या घटकेला, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून नळ उघडा ठेवायचा आणि खाली डबा पालथा घालायचा. पहिली धार पत्र्यावर पडली की चारही घरांना ऐकू जातं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. घास चावून खावा, हे का कुणी कुणाला सांगतं?

“तुमचं काय बाई, चार दिस ऱ्हाऊन जाताल,” सारजाबाई म्हणाल्या. “आमी काय आठ दिस थुका गिळून राहावं व्हय?”

“जाऊ दे ना माय,” त्यांचा मुलगा बद्रीनाथ मध्ये पडला. सरोजिनीबाईंचा घरमालक तोच. “मॅडमला काय माहीत?”

“माहीत नाय तर इचारावं. तोंड हाय ना?”

सरोजिनीबाईंनी मान खाली घातली नाही. “पुढचं पाणी कधी?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी,” बद्रीनाथ म्हणाला.

सोमवार ऐकून सरोजिनीबाईंच्या नवऱ्यानं, मधुसूदनरावांनी, वर पाहिलं. सरोजिनीबाईंच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. हातपाय चालताहेत तोवर ठाणं सोडायचं आणि लहान गावात बस्तान बसवायचं, हा बेत त्यांचाच. मुलीनं नको म्हटलं, मैत्रिणींनी वेड्यात काढलं. तरी त्यांनी विमा कंपनीत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, रजा टाकली आणि इथं भाड्यानं घर घेतलं. अर्ज मागं घ्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्यानंतर परतीची वाट बंद.

घरात येताच मधुसूदनराव म्हणाले, “सरोज, पाचव्या दिवशीच तीन घरं अंगावर आली. अजून वेळ आहे.” त्यांनी अर्ज मागं घेत असल्याचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. खाली सहीपुरती जागा सोडली. फोटो काढून पाठवला की काम झालं असतं.

सरोजिनीबाईंनी पत्र वाचलं. एक काना राहिला होता, तो दिला.

“सोमवारी पाणी भरून झालं की बघू,” त्या म्हणाल्या. “लोकांचं पाणी बुडवून पळाली, असं मागं नको.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टँकर मागवला. तीन घरांनी पाणी घेतलं. सारजाबाईंनी घेतलं नाही. बद्रीनाथ कामावरून येताना स्कूटरवर दोन कॅन आणायचा, त्यात त्या भागवायच्या. सरोजिनीबाई अंगणात दिसल्या की त्या पाठ फिरवून तांदूळ निवडायच्या. आठ दिवस एक शब्द नाही.

सोमवारी सकाळी सारजाबाई नवं लुगडं नेसून दारात आल्या. हातात किल्ली.

“पिशोरला लगीन हाय भावकीत. समदे चाललो. पानी आलं की आमची टाकी भरून ठिवा.”

सरोजिनीबाईंनी किल्लीकडं पाहिलं. “मी?”

“मंग कोन? बाजूच्या सरूबाईला सांगावं, तर ती दुपारची घोरत पडती.” सारजाबाईंनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. “ज्याचं येकदा चुकलं ना बाई, ते मानूस डोळा लावत नाय.”

सरोजिनीबाईंनी नळाशेजारी खुर्ची टाकली. डबा दोनदा हलवून बघितला. जेवणाचं ताट तिथंच मागवून घेतलं. “सुनेची परीक्षा चाललीय जणू,” मधुसूदनराव म्हणाले, पण दुपारचा चहा त्यांनीच आणून दिला.

पावणेचारला पत्र्यावर पहिली धार वाजली. त्यांनी तरीही उरलेल्या दोन्ही घरांची दारं ठोठावली. मग डबा सुलटा करून गळतीखाली ठेवला आणि पाइप जोडला तो सारजाबाईंच्या टाकीला. ती काठोकाठ भरली. मग शेजारच्या दोन टाक्या. स्वतःच्या टाकीला पाइप लागला तेव्हा धार बारीक झाली होती. टाकी निम्मी भरली आणि पाणी गेलं. त्यांनी पाइप काढला.

मधुसूदनराव बाहेर आले. एका हातात पत्र, दुसऱ्यात पेन.

“झालं ना भरून? पाचला दहा कमी आहेत, सरोज.”

सरोजिनीबाईंचा हात सवयीनं नळाकडं गेला. तोटीवर बोटं टेकली आणि थांबली. त्यांनी नळ होता तसा सताड उघडा ठेवला. वाकून डब्यातलं पाणी तुळशीला ओतलं आणि तो तोटीच्या बरोबर खाली पालथा घातला.

“ते पत्र आत ठेवा, भिजेल,” त्या म्हणाल्या. “आता पाणी पुढच्या मंगळवारी.”