सहा जणींचं टेबल

"संध्याकाळपर्यंत ज्यांचे माणशी मिक्सर जास्त, त्यांचीच नोकरी राहील," कारखान्याच्या साहेबांनी सकाळी सांगितलं होतं. सरकत्या पट्ट्यावर वीस बायका एकेक भाग जोडत होत्या. नव्या टेबलावर सहा जणी प्रत्येकी अख्खा मिक्सर.

टेबलावरच्या इंदुमतीची मैत्रीण शकीला पट्ट्यावर होती. तिची नोकरी वाचावी म्हणून इंदुमती मुद्दाम स्क्रू पाडत होती.

पाण्याच्या टाकीपाशी शकीलाने तिला गाठलं. "हात का आखडतेस?"

"तुझ्यासाठी."

"एकीचं चुकलं की आम्ही वीसही जणी थांबतो. पट्टा हरलाच गं. आता तू तरी राहा."

इंदुमती परतली आणि डोळे पुसायलाही न थांबता जोडत सुटली. सुटीची घंटा झाली तेव्हा तिच्यापुढे अकरा मिक्सर होते, पट्ट्यावर माणशी आठच, आणि शकीलाकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.