प्रत्येक खोलीचं वाद्य

"आता न्हाणीघरात जाऊन उभी राहा," तो शिडीवरून म्हणाला. "काय ऐकू येतं ते सांग."

"ढोल!" ती आतून ओरडली. "न्हाणीघरात ढोल कशाला हो? आंघोळ करायची की लढाईला निघायचं?"

तो हसला नाही. एरवी तिच्या असल्या बोलण्यावर तो पोट धरून हसायचा.

राउटरशेजारी एक चपटा डबा बसवून त्याने घरातल्या कॅसेट, सीड्या, होतं नव्हतं ते सगळं संगीत त्यात भरलं होतं. इंटरनेट बंद पडलं तरी घरातल्या घरात वायफायवर ते वाजणार होतं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, त्याला स्वस्थ कुठून बसवणार, असं तिला आधी वाटलं. पण खोलीगणिक वेगळा स्पीकर आणि स्पीकरगणिक वेगळं वाद्य? स्वयंपाकघरात बासरी, झोपायच्या खोलीत व्हायोलिन, बाहेरच्या दाराशी पियानो.

वीज जाऊन आली की राउटर स्पीकरांना नेटवर्कवरचे नवे पत्ते द्यायचा आणि बासरी भलत्याच खोलीत वाजायची. मग तो डोकं धरून बसायचा.

"वाजली तर वाजली. एवढं काय त्यात?"

"चुकता कामा नये," तो म्हणाला. "एकदाही."

अखेर त्याने प्रत्येक स्पीकरला कायमचा पत्ता देऊन टाकला. तरी घोर काही सरेना.

मंगळवारी ती बाजारातून लवकर परतली. तो डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून, बासरीच्या रोखाने चालत होता. ओठांत पावलं मोजत होता. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

ती पावलं न वाजवता जिन्यात जाऊन बसली.

मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. त्याने सामान सगळं भिंतींना लावलं होतं. परवा ती स्टुलाला अडखळली, "वाटेत कोणी ठेवलं हे?" म्हणून चिडली, तेव्हा तो लगेच म्हणाला होता, "माझंच चुकलं." जुने बल्ब मिणमिणते झाले होते खरे, पण याने घरभर केवढाले दिवे लावले! वर दिवसातून दहादा विचारायचं, "उजेड पुरतो ना गं?"

गेल्या महिन्यात तिच्या चष्म्यासाठी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. ती बाहेर फ्रेम निवडत होती आणि तो आत बराच वेळ बसला होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उकडतंय फार," म्हणाला होता.

तिने त्याला काही विचारलं नाही. सांगायचा धीर होत नसेल, तर उगाच कशाला टोकायचं? चहाचा कप ती त्याच्या हातात नेऊन द्यायला लागली. जिना उतरताना दंड धरायला लागली. तो गोंधळून तिच्याकडे बघायचा आणि तिचाच हात घट्ट पकडायचा. आपली लपवाछपवी कळली म्हणून ओशाळला असेल, तिला वाटलं.

शुक्रवारी मात्र तिला राहवेना. नवा चष्मा बोचतो असं सांगून ती एकटीच दवाखान्यात गेली.

"चष्म्याचं निमित्त आहे," ती बसता बसता म्हणाली. "मला सगळं कळलंय. हे तोंडातून अक्षर काढत नाहीत, पण घरात काय चाललंय ते दिसतंय ना मला. किती दिवस उरलेत, तेवढं सांगा. मी मन घट्ट केलंय."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. तिच्या हातावर हात ठेवला.

"बरं झालं तुम्ही आलात. घर तयार झालं की मीच सांगेन, असं ते म्हणाले होते. अगदी हात जोडले हो त्यांनी. सहा महिने धरा. फार तर आठ."

"आणि मग त्यांना अजिबात दिसणार नाही?"

"त्यांना?" डॉक्टरीणबाई थबकल्या. "त्यांचे डोळे मी कधी तपासलेच नाहीत."