पाणी सोडलं काय?

झटका आल्यापासून श्रावणबापूंच्या डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं होतं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "यांना रोज चालवा. चालण्यानं मेंदूला चालना मिळते, हळूहळू आठवायला लागेल." तेव्हापासून चतुराबाई रोज सकाळी नवऱ्याच्या पायात बूट चढवायची आणि हात धरून त्यांना शेंदूरजनाघाटच्या रस्त्यानं फिरवून आणायची.

रस्त्यावरच्या चिंचेखाली आलं की बापू न चुकता विचारायचे, "बगीच्याले पाणी सोडलं काय वं?"

"सोडलं ना! यंदा संत्राले बहार मस्त हाये," चतुराबाई सांगायची. बापू खुशीत पुढे चालू लागायचे.

डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. एक दिवस बापूंनी नातीला नावानं हाक मारली, तेव्हा चतुराबाईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग त्यांना व्याह्याचं गाव आठवलं, बैलांची नावं आठवली. चतुराबाई जास्तच हुरूपानं त्यांना चालवू लागली.

काल मात्र चिंचेखाली आल्यावर बापूंनी पाण्याचं विचारलं नाही. ते मटकन खाली बसले.

"चतुरा, सारा बगीचा रोगानं वाळला होता. झाडाईले आरा म्याच लावला ना वं? शेवटचं झाड पडलं, अन् तिथंच मीबी पडलो."

चतुराबाईनं त्यांना हात धरून उठवलं आणि घराकडे वळवलं.

 

आज बापू उठायच्या आत चतुराबाईनं त्यांचे बूट गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगात दडवून ठेवले.