डावीकडे बारा

मेकॅनिकने आधी इंजिनावर तळहात टेकवला. इंजिन गार होतं. जुनी मोटरसायकल विकणारे बरेच जण गिऱ्हाईक यायच्या आधी ती दहा मिनिटं चालवून ठेवतात, म्हणजे गार इंजिनाची कुरकुर कानावर पडत नाही. या माणसाने तसं केलं नव्हतं.

“करा चालू,” गाडीमालक म्हणाला. तो स्वतःच्या गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसला होता, मांडीवर काठी आडवी.

मेकॅनिकच्या भाच्याने बटण दाबलं. गाडी पहिल्याच दाबाला चालू झाली. व्हीच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर, एक पुढे, एक मागे. त्यांचा जड, तुटक ठोका भिंतींवर आपटून परत आला. भाच्याने डोळे मिटले.

मेकॅनिकने कान लावला. चेनची खडखड नाही. व्हॉल्व्हची टिकटिक हवी तेवढीच. प्रत्येक बोल्ट कसून झाल्यावर त्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती. खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्याला वाईट वाटलं.

सकाळी ताईचा, भाच्याच्या आईचा, फोन आला होता. “काहीतरी खोट काढ. काहीही. गेल्या वर्षी पडला तेव्हाची स्टीलची पट्टी अजून त्याच्या खांद्यात आहे, आणि हा दुप्पट ताकदीची गाडी घ्यायला निघालाय.”

“गाडीबद्दल मी खोटं बोलत नाही, ताई.”

“म्हणून तर तुझंच ऐकेल तो.”

आता त्याने आधी खऱ्यातच भागतंय का पाहिलं. “मागचा सिलिंडर बरोबर मांडीखाली येतो. सिग्नलला पाच मिनिटं उभा राहिलास की भाजून निघशील.”

“माहीत आहे, मामा.”

“क्लच जड. हळू चालवलीस तर गचके देते. आणि व्हॉल्व्ह सेट करायचे तर अर्धी गाडी उतरवावी लागते.”

“उतरवायला तू आहेस की.” भाच्याने गाडी बंद केली. “चांगलं काय आहे ते मी सांगतो. बांधा सडपातळ. वळणावर झुकायला हलकी. थ्रॉटल जरा पिळला की खालपासूनच ओढते. हौसेला मोल नसतं, मामा.”

“हौसेला नसतं. हाडाला असतं.”

स्टुलावरचा माणूस हसला.

“पार्ट मिळतात का हिचे?” भाच्याने त्याला विचारलं.

“वेळ लागतो. पण गाडीचे सगळे मिळाले.”

तो उठून जवळ आला, तेव्हा मेकॅनिकला दिसलं. डावा बूट जमिनीवर नुसता ठेवल्यासारखा पडत होता, आणि गुडघ्याखाली पँट काठीवर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. गाडीचा डावा आरसा, पाय टेकायचा डावा फूटपेग, गिअरची दांडी, सगळं उजवीकडच्यापेक्षा नवं होतं. भाचा पेट्रोलच्या चकचकीत टाकीत पडलेलं स्वतःचं प्रतिबिंब पाहत होता.

राहिली दोरी. मेकॅनिकची ही जुनी पद्धत. मागच्या टायरला दोरीचा वेढा घालायचा, दोन्ही टोकं दोन बाजूंनी सरळ पुढे आणून ऑइलच्या डब्यांना बांधायची, आणि पुढच्या चाकापाशी दोन्हीकडे किती अंतर सुटतं ते मोजायचं. सारखं सुटलं तर फ्रेम सरळ. मोजणीची यंत्रं आली तरी गिऱ्हाइकांचा भरवसा दोरीवरच राहिला. “मामाची दोरी देवापुढेही वाकत नाही,” असं भाचा मित्रांना सांगायचा.

भाच्याने मागे वेढा दाबून धरला. मेकॅनिक पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. मोजपट्टी लावली. डावीकडे बारा मिलिमीटर. उजवीकडे बारा. पुन्हा मोजलं. बारा. इतकी सरळ गाडी त्याने नव्यातसुद्धा क्वचित पाहिली होती. गाडीमालक काठीवर भार देऊन त्याच्या खांद्यामागेच उभा होता. पट्टीवरचा आकडा त्यालाही दिसत होता.

“किती?” भाच्याने मागून विचारलं.

मेकॅनिकने मोजपट्टी खिशात टाकली.

“डावीकडे बारा,” तो म्हणाला. “उजवीकडे सात.”

मागची दोरी सैल पडली. “म्हणजे?”

“फ्रेम वाकलीय.”

“सरळ करता येईल ना?”

“येते करता. पण मग तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.”

भाचा गाडीमालकाकडे वळला. “काका, फोनवर तर तुम्ही म्हणालात, एकदम सरळ आहे.”

गाडीमालकाने टाकीवर हात ठेवला. मेकॅनिकने मान वर केली नाही.

“पडली होती एकदा,” गाडीमालक शेवटी म्हणाला. “तेव्हाच वाकली असणार. माझ्या लक्षात नाही आलं. तुझ्या मामांची नजर पक्की आहे.”

भाचा हेल्मेट उचलून बाहेर गेला आणि गाडीकडे पाठ करून पायरीवर बसला.

मेकॅनिक दोरी गुंडाळू लागला. “तुमच्या गाडीला मी...”

“त्याच्या आईनं सांगितलं होतं?”

मेकॅनिकने होकारार्थी मान हलवली.

गाडीमालकाने दोरीचं जमिनीवर लोळणारं टोक काठीने उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“मी घेतली तेव्हाही एक जण तपासायला आला होता,” तो म्हणाला. “तो खरं बोलला.”