ऐकून घेणारी बाई

ग्रंथपाल संशोधिकेच्या खोलीत आली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली. एरवी ती दारातूनच "अगं, पुस्तकं परत करतेस की माळ्यावर टाकलीस?" असं ओरडून पुढे जायची. आज तिने खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही.

"आईला आयसीयूत हलवलंय," ती म्हणाली. "श्वास घेता येत नाहीये. मशीन लावायचं की नाही, ते संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले डॉक्टर. दादाचं काय, नेहमीप्रमाणे हात वर. 'तू ठरवशील ते,' म्हणे."

संशोधिकेने पुढ्यातले कागद बाजूला सारले, कोपरं टेबलावर टेकली आणि ऐकू लागली. ऐकण्यात तिचा हात धरणारं समाजशास्त्र विभागात कोणी नव्हतं. शेवटच्या घटकेला घरचे लोक आपल्या माणसाबद्दल निर्णय कसे घेतात, हाच तिचा विषय. त्यावरचं जाडजूड पुस्तक निम्म्यावर आलं होतं. ही बाई दगडालाही बोलतं करील, असं विभागप्रमुख येईल त्या पाहुण्याला सांगत. युक्ती तशी साधी होती. आपण गप्प बसायचं. समोरचा थांबला तरी गप्प बसायचं. आपलं मत विचारलं तर द्यायचं नाही, प्रश्न अलगद त्याच्याच पदरात परत टाकायचा. नव्या विद्यार्थ्यांना ती हे पहिल्याच तासाला शिकवी, आणि कोणी हसलं की तिला राग येई.

"बोल," ती म्हणाली.

ग्रंथपाल बोलू लागली. बाहेर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं. संशोधिकेने उठून खिडकी लावली आणि परत येताना पंखाही बंद केला. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये फार येते. टेबलावर रेकॉर्डर नव्हताच, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"उकडतंय गं," ग्रंथपाल म्हणाली, पण बोलण्याच्या ओघात तेही विसरली. आईने सकाळी खुणेने पाणी मागितलं, ते देता आलं नाही. मला नळ्यांनी बांधून ठेवू नका, असं आई पूर्वी एकदा म्हणाली होती. पण ते जेवता जेवता, हसत म्हणाली होती. ते धरायचं का? आणि नाही धरलं, तर तिच्या डोळ्यांकडे बघायचं कसं?

"हं," संशोधिका म्हणाली. "मग?"

"मग काय? तुझ्या आईच्या वेळी तूच ठरवलंस ना? मशीन नको म्हणालीस. म्हणून तर तुझ्याकडे आले. नंतर झोप लागली का गं तुला? अगदी खरं सांग."

उत्तर संशोधिकेच्या जिभेवर होतं. कित्येक महिने लागली नव्हती. तरी पुन्हा वेळ आली असती तर तिने तेच केलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं.

तिने मान किंचित तिरकी केली. "हे विचारावंसं का वाटलं तुला?"

दुसरं काही सुचेना म्हणून असेल, ग्रंथपालने त्याचंही उत्तर दिलं. देता देता रडली. संशोधिकेने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि रडणं ओसरेपर्यंत अवाक्षर काढलं नाही, कारण रडणाऱ्याला मध्येच गप्प करायचं नाही. तिला स्वतःलाच भरून आलं होतं. या बाईवर तिचा फार जीव होता.

फोन वाजला. "निघतेच," एवढंच त्यावर बोलून ग्रंथपाल उठली, डोळे पुसले, पर्स सावरली.

संशोधिकाही उठली. तिने ग्रंथपालचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "इतकं मोकळेपणाने बोललीस," ती म्हणाली. "वेळ दिल्याबद्दल खरंच आभारी आहे."

शब्द तोंडातून निघून गेले आणि मग तिच्याच कानांवर आले. इतकी वर्षं मुलाखत संपवून प्रत्येक घरातून निघताना ती हेच म्हणत आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, तसं नाही... थांब ना, सांगते तुला. आईच्या वेळी मला..."

"असू दे," ग्रंथपाल अगदी साध्या आवाजात म्हणाली. दार उघडून ती एक पाय बाहेर ठेवून थांबली.

"पुस्तकात घालशील तेव्हा माझं नाव बदल. आईचं तेवढं राहू दे."